हरिपाठाच्या चालीनं

संभाजीनगर ते परभणी, सबंध वाट अण्णांनी छातीशी उशी धरून ठेवली होती. घरूनच नेलेली, आईनं जुन्या लुगड्याची खोळ घातलेली. गाडीचा पट्टा त्या उशीवरून घेतलेला. मंठ्याच्या पुढं खड्डा दिसला की गाडी आदळायच्या आधीच त्यांचे हात आवळले जायचे. तासा-तासानं उतरून चार पावलं चाला, पायांत रक्त साकळू देऊ नका, असं सिस्टरनं बजावलं होतं. जिंतूरच्या अलीकडं एका लिंबाखाली ते उतरले. दहा पावलं गेले, दहा आले.

"एवढ्यात दम लागला रे. गंगाखेडहून पंढरपूरला पायी जाणारा माणूस म्या."

बायपास होऊन आठवा दिवस होता.

*

दवाखान्यातून मिळालेला कागद सहा पानांचा. कुठली नस किती टक्के बंद, किती कलमं जोडली, किती बाटल्या रक्त दिलं, सगळं इंग्रजीत, बारीक टाइपात. घरी गेल्यावर काय करायचं ते शेवटच्या पानावर दोन ओळींत: ‘अव्हॉइड हेवी वर्क. वॉक ॲज टॉलरेटेड.’

या दुसऱ्या ओळीचा अर्थ आमच्या घरात प्रत्येकानं वेगळा लावला. मी म्हणालो, सोसवेल तेवढं चालायचं. आई म्हणाली, सोसत नाही तोवर चालायचंच नाही. काकांनी कागद हातात न घेताच सांगितलं, तीन महिने बाज सोडायची नाही. ज्या माणसाच्या छातीवर साडेतीन-चार तास काम झालं, त्याला घरी कसं बरं व्हायचं ते त्याच्या भाषेत लिहून द्यायला एक पान लागलं असतं. ते पान मी आता माझ्या वहीत लिहितो आहे.

*

गावाकडून माणसं येतात. पिशवीत सफरचंदं, नाहीतर शहाळं. सगळ्यांचं सांगणं एकच, "आता हलायचं न्हाई. पडून राहायचं." त्यात माया आहे, ती मला दिसते. आपल्याकडं आजारी माणसाला जपायचं म्हणजे त्याला बाजेवर ठेवायचं. पाणी जागेवर, ताट जागेवर.

डॉक्टरांचंही पूर्वी असंच होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार-चार, सहा-सहा आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. बोस्टनमधल्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या दोघांनी अशा रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि 1952 साली तसा लेख लिहिला. नुसतं खुर्चीत बसवणं, तेही त्या काळी धाडस होतं. पण पडून राहिलेल्या माणसाच्या पायांत गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात जाऊन अडकतात, मांड्या-पोटऱ्या झडतात, श्वास वरवरचा होतो. आणि आपण आता कामाचे राहिलो नाही हे त्याच्या मनात पक्कं बसत जातं. हे शेवटचं मी अण्णांच्या डोळ्यांत पाहिलं, घरी आल्यावर चौथ्याच दिवशी.

*

हात मोडला तर प्लास्टर घालतात. छातीचं हाड मधोमध चिरल्यावर प्लास्टर कुठं घालणार? ते स्टीलच्या तारांनी बांधतात. तारा जन्मभर आत राहतात. आणि हे बांधलेलं हाड दर श्वासाला हलतं, मिनिटाला पंधरा-सोळा वेळा. तरी ते सांधतं. सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने.

भेटायला येणाऱ्यांना मी हेच सांगतो. हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की सगळ्यांना वाटतं, जपायचं ते हृदय. पहिले दोन-तीन महिने जपायचं ते हाड. हृदयाला तर नव्यानं रक्त मिळायला लागलंय, त्याला काम द्यायचंय.

*

दोन-अडीच किलोच्या वर उचलायचं नाही. म्हणजे भरलेली बादली नाही, पाण्याची कळशी नाही, दार अडकलं तर ओढायचं नाही, हापसा मारायचा नाही, म्हशीची धार काढायची नाही. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्याचं तर नावच नको. अण्णांना हे सगळं पटलं. पटलं नाही ते एकच: नातू अकरा किलोचा आहे.

तो दुडुदुडु येतो आणि दोन्ही हात वर करतो. अण्णा खुर्चीत बसून राहतात, हात पसरतात आणि कोणीतरी त्याला त्यांच्या मांडीवर आणून ठेवायची वाट पाहतात. पहिल्या दिवशी तोवर पोरगं रुसून निघून गेलं. आता तोच येऊन खुर्चीचा पाय धरून उभा राहतो.

*

बाजेवरून उठायची रीत. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवली, मी लिहून ठेवली:

आधी गुडघे दुमडायचे. उशी छातीशी. सगळं अंग एकदम कुशीवर वळवायचं, ओंडका लोळवावा तसं; कंबर आधी, खांदे मागून, असं नाही. मग दोन्ही पाय बाजेखाली सोडायचे. पाय खाली जातात तसं अंग आपोआप वर येतं. हातांचा रेटा द्यायचा नाही. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही, डोळ्यांपुढं अंधारी येते. वीस आकडे मोजायचे.

अण्णा आकडे मोजत नाहीत, ‘विठ्ठल विठ्ठल’ वीस वेळा म्हणतात.

आणखी एक. आमचा संडास खाली बसायचा. खालून उठताना माणूस गुडघ्यांवर नाहीतर भिंतीवर हातांचा जोर देतो, आणि तो जोर थेट छातीच्या हाडावर येतो. बाजारातून लोखंडी खुर्ची आणली, मधे भोक असलेली. घरी यायच्या आधीच ती आणायला हवी होती. हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

*

फुप्फुसाच्या व्यायामाचं ते खेळणं: प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी, खाली 600, 900, 1200 असे आकडे. घरी येणारा प्रत्येक जण ते हातात घेतो आणि शंख फुंकावा तसा फुंकतो. फुंकायचं नसतं. ओढायचं असतं, संथपणे, आणि गोळी वर टिकवून धरायची असते. ऑपरेशनच्या वेळी फुप्फुसाचा तळ मिटून बसलेला असतो, तो असा उघडतो. नंतर उशी घट्ट कवटाळून खोकायचं. अण्णा खोकायला घाबरायचे; हाड उलेल असं वाटायचं त्यांना. घाबरून खोकला दाबला की कफ आत राहतो, त्याचा न्यूमोनिया होतो. आई शेजारी बसून त्यांच्याबरोबर खोकते. मुद्दाम.

*

चालण्याचं गणित. पहिला आठवडा घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा-चारदा. आमच्या पुढच्या दारापासून न्हाणीपर्यंत अण्णांची चोवीस पावलं. मग रोज एक-दोन मिनिटं वाढवायची. सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास यायला हवा.

पण वेग किती? मी आधी बोटाला लावायचं यंत्र आणलं आणि नाडीचे ठोके मोजायला लागलो. ताई म्हणाल्या, ते राहू द्या. अण्णांना जी गोळी चालू आहे ती ठोके मुद्दाम कमी ठेवते. माणूस दमला तरी आकडा चढत नाही, तुमची फसगत होईल. त्यापेक्षा चालता चालता त्यांना बोलायला लावा. बोलता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. खुशाल गाता यायला लागलं की वेग कमी.

अण्णा मितभाषी. चालताना काय बोलणार? दोन दिवस मी पिकांचं विचारत राहिलो, ते हूं हूं करत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून हरिपाठ म्हणायला घेतला. पन्नास वर्षं रोज संध्याकाळी म्हटलेला, त्याची चाल त्यांच्या पावलांना माहीत. मी शेजारी चालत ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं की याहून चांगलं माप मिळणार नाही. चरण एका दमात निघाला तर वेग बरोबर. चरणाच्या मधेच श्वास घ्यावा लागला तर थांबायचं. टाळ-मृदंगावर म्हणावं तसा मोकळा, ताणून आवाज लागला तर थोडं झपझप.

वहीत आता मिनिटांऐवजी अभंग मांडतो. 12 एप्रिल: चार अभंग, पाचव्यात दम. 15 एप्रिल: सहा. 16 एप्रिल: तीनच, रात्री झोप नव्हती. 21 एप्रिल: नऊ, आणि परत येताना तीन.

*

परभणीचा उन्हाळा. दुपारी पारा त्रेचाळीसच्या आसपास. पाणी बाहेर टाकणारी गोळी चालू असलेल्या माणसाला अशा उन्हात चक्कर यायला वेळ लागत नाही. पहाटे साडेपाचला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं जातो, झाडी आहे तिथं. 1972 साली झालेलं विद्यापीठ, ज्वारीच्या ‘परभणी मोती’चं. अण्णा कुंपणापलीकडचे वाफे बघत चालतात; वाफे आले की पाऊल आपोआप मंदावतं.

*

रडू. हे कोणीच सांगितलं नव्हतं.

अण्णा आजी गेली तेव्हा रडले नव्हते. दुष्काळात बैल विकला तेव्हाही नाही. परवा शेजारच्या अंगणात वासराला खुंट्याला बांधताना पाहिलं आणि डोळ्यांतून धारा. आई घाबरली. वावराच्या चौथ्या तुकड्याचं नाव आठवेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, बायपासनंतर असं पुष्कळांना होतं. मन हळवं होतं, झोप मोडते, बारीकसारीक विसरायला होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. महिन्याच्या वर टिकलं, जेवणावरचं मन उडालं, "कशाला वाचलो" असं बोलायला लागले, तर लगेच घेऊन या, त्यालाही औषध आहे. हे ऐकून आई म्हणाली, "मग आधीच का न्हाई सांगितलं? मला वाटलं, ह्यांचं मन आता संसारात न्हाई."

*

फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी, ठळक अक्षरांत:
छातीत ‘कट्’ असा आवाज, हाड सरकल्यासारखं वाटणं. जखमेतून पू, पाणी. ताप. आडवं झाल्यावर दम लागणं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं. धडधड थांबत नाही. यातलं काहीही झालं तर उद्या नाही, आज.

(ज्या पायातली नस काढली त्याला थोडी सूज चालते. बसताना पाय वर ठेवायचा. मांडी घालून जेवायचं सध्या बंद.)

*

अण्णांनी बायपास समजावून घेतली ती त्यांच्या पद्धतीनं. आमचं वावर जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचं. "चारी तुंबली की आपण बाजूनं दांड फोडतो, तसंच ना?" तसंच. पायातली नस आणि छातीच्या आतली एक धमनी घेऊन दांड काढला. क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी 1967 साली पायातली नस वापरून ही रीत रुळवली. आपल्या देशात ती सत्तरच्या दशकात आली.

थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "पण वरून गाळ यायचा राहिला न्हाई तर दांडबी तुंबल की."

मी तंबाखूबद्दल काही बोललो नव्हतो. त्यांनी बंडीच्या खिशातून डबी काढली, चुन्याच्या पुडीसकट, आणि आईच्या हातात दिली. चाळीस वर्षांची सवय. त्यानंतरचे तीन आठवडे ते दिवसभर बडीशेप चघळत होते आणि घरादारावर चिडत होते. आम्ही सगळ्यांनी ती चिडचिड सोसली. तंबाखू सुटणं हे ऑपरेशनाच्या तोडीचं काम आहे, आणि ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.

*

जिंतूर तालुक्यातली आमच्या नात्यातली एक सून. वय एकतीस. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, सांधे धरायचे. कोणी मनावर घेतलं नाही. त्याच तापानं हृदयाची झडप खराब झाली. गेल्या वर्षी झडप बदलली. अण्णांना पाहायला आली तेव्हा स्वयंपाकघरात आईला सांगत होती: दवाखान्यातून आल्यावर बाराव्या दिवशी चुलीपुढं बसले. पंधराव्या दिवशी नळाला पाणी आलं, हंडे भरले.

भरलेला हंडा पंधरा किलोचा. भाकरीचं पीठ मळताना तळहाताचा सगळा दाब छातीच्या हाडावर येतो. पायली-पायलीच्या भाकरी करणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही, तिला ते दुखूनच कळतं.

अण्णांना आम्ही हलू देत नव्हतो. तिला कोणी बसू दिलं नाही. ऑपरेशन दोघांचं वेगळं, पण छाती तशीच चिरलेली. पुरुषाच्या वाट्याला आराम इतका की त्याचे पाय सुकावेत, आणि बाईच्या वाट्याला काम इतकं की तिचं हाड सांधू नये. मला हे लिहिताना राग येतो आणि तो मी वहीत तसाच ठेवतो.

तिला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आहे. दर महिन्याला रक्त तपासायचं, आकडा डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीत हवा. कोणीतरी सांगितलं पालेभाजी बंद, म्हणून वर्षभर तिनं मेथी, पालक, करडईची भाजी तोंडात घातली नव्हती. पालेभाजी बंद करायची नसते. दर आठवड्याला साधारण सारखी खायची असते, म्हणजे गोळीचा हिशेब चुकत नाही. दर एकवीस दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन लग्नसराईत एकदा हुकलं होतं. आणि मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. हे मी बायकोला सांगितलं, बायकोनं तिला.

तिची झडप केरळातली, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं घडवलेली. तशी पहिली झडप डिसेंबर 1990 मध्ये बसवली गेली. परदेशी झडपा गरिबाला परवडत नव्हत्या म्हणून वर्षानुवर्षं खपून केलेलं काम. रात्री सगळं सामसूम झालं की तिच्या छातीतून टिक्-टिक् ऐकू येतं. तिची सात वर्षांची मुलगी तिथं कान लावून झोपते. एकदा मुलीनं विचारलं, "आई, हे थांबलं तर मी तुला उठवू का?"

*

तपासणीच्या रांगेत बाकावर शेजारी बसलेला तरुण. पस्तिशी असेल. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाला, "सर, बायकोजवळ कधी जायचं, हे कोणाला विचारावं?" दोन महिने तो आणि त्याची बायको वेगळ्या खोल्यांत झोपत होते, भीतीनं. मी ताईंना विचारून त्याला सांगितलं: दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता आले की हृदयाची हरकत नाही, हाड सांधेपर्यंत छातीवर आणि हातांवर भार मात्र नको. त्याचा चेहरा इतका सैल झाला. हा प्रश्न प्रत्येकाला पडत असणार, आणि कागदावर त्याला जागा नाही.

*

हेबर्डन नावाचे इंग्रज वैद्य होते, छातीच्या या दुखण्याचं पहिलं नेमकं वर्णन त्यांचं. त्यांनी अठराव्या शतकातल्या आपल्या एका रोग्याची नोंद केली आहे: तो रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. अण्णांना वाचून दाखवलं. "मग मला कुऱ्हाड दे," म्हणाले. तीन महिने थांबा, म्हणालो.

हे आता एका माणसाच्या अनुभवावर उभं नाही. 2021 साली 85 अभ्यासांतल्या तेवीस हजारांवर हृदयरुग्णांची आकडेवारी एकत्र पाहिली गेली. बेताबेतानं वाढवत नेलेल्या व्यायामानं हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी झाले, पुन्हा भरती व्हायची पाळीही कमी आली. आपल्याकडं 24 रुग्णालयांत झटका येऊन गेलेल्या 3959 रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला. मृत्यू किंवा पुढचा झटका टळला असं ठामपणे म्हणण्याइतका फरक त्यात दिसला नाही. पण योग करणाऱ्यांना बरं वाटलं आणि ते आपल्या नेहमीच्या कामांत जास्त परतले. शेतकऱ्याच्या दृष्टीनं कामावर परतणं ही लहान गोष्ट नव्हे.

*

दोघांनी भेट म्हणून डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आणून दिलं. घरात एक आधीपासूनच होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःला हृदयरोग झालेल्या डॉक्टरानं आपलं सगळं जगणं तपासून पाहिलं, म्हणून मराठी घरांत ते इतकं वाचलं गेलं. मी ते तिसऱ्यांदा वाचतोय. एक प्रत त्या बाकावरच्या तरुणाला दिली.

*

ऑपरेशनाचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाला. 2012 साली दुसऱ्या नावानं सुरू झालेली ही योजना. परभणी हा शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांपैकी एक, म्हणून इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर ती आधीपासूनच मिळत होती. ती नसती तर दोन एकर गेले असते. हे मी विसरणार नाही.

म्हणूनच पुढचं मागतो. 2023 पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं एक खोली मिळावी. यंत्रं फार लागत नाहीत: रक्तदाबाचं यंत्र, चार खुर्च्या, एक फिजिओथेरपिस्ट, आणि तीस मीटरची मोकळी पडवी. सहा मिनिटांत माणूस किती चालतो हे त्या पडवीत मोजतात. अण्णांचं मी विद्यापीठाच्या रस्त्यावर टेप टाकून मोजलं: चौथ्या आठवड्यात 260 मीटर, बाराव्यात 410. पाथरी, पालम, सोनपेठच्या माणसाला हे मोजून घ्यायला दोनशे किलोमीटर जायला लागू नये.

*

गजानन महाराजांची पालखी परभणीत आली. डॉक्टरांनी यंदाच्या वारीला नाही म्हटलंय. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते, पांढरं धोतर, टोपी. पालखी पुढं गेली तसे मागोमाग निघाले. मी अडवलं नाही, वही खिशात घातली आणि बरोबर चाललो. चौकापर्यंत जाऊन आपणच वळले.

*

मृगाचा पाऊस झाला, दोन दिवस वाफसा. गावी आलोय. चुलतभावानं तिफण जुंपली. अण्णा रुमण्याला हात घालायला पुढं झाले, आणि मग त्यांनीच दुसरा हात छातीवर ठेवला, जिथं वण आहे तिथं. रुमणं चुलतभावाच्या हातात दिलं. तो पुढं, आणि अण्णा तिफणीच्या मागं, तासातून, मोकळ्या हातांनी. मी बांधावर. एवढ्या लांबून आवाज येत नव्हता. ओठ हलत होते, आणि पहिलं तास संपेपर्यंत मधे कुठं थांबले नाहीत.